पितळी तांब्यातली बोर्दो

आत्तींच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. पाण्याच्या घागरीवर त्यांच्या वारलेल्या मालकांचं, परातीवर थोरल्या नणंदेचं, लग्नातल्या डब्यांवर माझ्या ताईचं आणि दाजींचं. वरणाच्या एका पातेल्यावर तर अशा बाईचं नाव होतं की ती कोण हे आत्तींनाही आठवत नव्हतं, पण पातेलं मात्र त्या तिच्याच नावानं मागायच्या. "ती गंगूबाई घे गं खाली." मग मी गंगूबाई खाली घ्यायची. नाव नसलेली वस्तू घरात एकच होती, पाण्याचा एक स्टीलचा पेला. तो पाहुण्यांचा. मी त्या घरात आले त्या दिवशी मला त्यातून पाणी दिलं, आणि पुढे ताईचं मूल रांगायला लागलं तरी मी त्यातूनच पीत होते. पेल्यात वाईट काही नव्हतं. पण जेवताना तो हातात आला की दर वेळी वाटायचं, हा रिकामा झाला की आपल्याला उठायचं आहे.

मी भंडाऱ्याकडची. सातवीपर्यंतची शाळा गावात होती, आठवीची नदीपलीकडे, आणि नदीपलीकडे जायला माझ्याबरोबर दुसरी मुलगी नव्हती. माझ्या शिक्षणाची गोष्ट एवढीच आहे. दाजी लाकडी साचे बनवणारे कारागीर. तुमसरकडच्या खाणीच्या वर्कशॉपात ते काही दिवस कामाला होते, तिथेच ताईचं लग्न जमलं आणि ती कोल्हापूरला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आई वारलेली आणि बापानं दुसरं घर केलेलं, त्यामुळे माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते म्हणजे मी. मलाच गाडीत बसवून ताईकडे पाठवलं. गोंदियाहून निघालेली ती गाडी सगळा महाराष्ट्र आडवा कापत येते आणि कोल्हापूरच्या स्टेशनात रूळच संपतात. मी खिडकीतून पाहिलं, पुढे भिंत. ह्याच्या पलीकडे आता कुणी आपल्याला पाठवू शकत नाही, असं मनात आलं आणि उगाच धीर आला. परतही पाठवता येतं, हे नंतर सुचलं. मी तेव्हा विशीची होते, पण काळजी करण्याच्या कामात आधीपासूनच जुनी.

सासूला तिकडे आत्ती म्हणतात. ताई म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. त्यांनी मात्र मला पहिल्या दिवशी "या पावणं" म्हटलं आणि नंतर त्याचंच 'पावणी' केलं. "पावणे, दूध उतू चाललंय." "पावणे, पोरगं रडतंय बग की." पहिले आठ दिवस मला वाटलं की घरात कसलं तरी मोठं भांडण चालू आहे. नंतर कळलं, ते जेवायला बोलवत होते. बायाही तिथे पुरुषांसारखं 'मी जातो, मी करतो' म्हणायच्या, आणि मी 'मले, तुले' म्हणाले की शेजारच्या बाया मला पुन्हा पुन्हा बोलायला लावून हसायच्या. वाईट मनानं नाही. पाण्याच्या नळावर दुसरी करमणूक नव्हती. घर उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत. दिवसभर लेथ फिरायचे, कुठे तरी लोखंड घासलं जायचं, आणि सुट्टीच्या दिवशी सगळं बंद पडलं की ताईचं मूल शांततेनं दचकून उठायचं. माझ्या गावी भात आणि लाखोळीची डाळ. इथे ज्वारीची भाकरी, खर्डा, चमचा उभा राहील असं दही, आणि आठवड्यातून मटण. मी खात होते आणि खाताना हिशेबानं कमी घेत होते. आत्ती ताटात पुन्हा वाढायच्या आणि ओरडायच्या, "चिमणीगत काय खातीस? आमचं नाव बद्दू करायला आलीयास व्हय?"

प्रश्न माझ्या राहण्याचा होता. बाळंतपण होऊन गेलं होतं, मूल रांगत होतं, दोन खोल्यांचं घर, आणि लग्नाची मेहुणी घरात किती दिवस ठेवायची ह्यावर गल्लीचं मत तयार होत होतं. मिरगाच्या आधी पावणीला गाडीत बसवू, असं एकदा आत्ती दाजींना म्हणाल्या. हळू म्हणाल्या असाव्यात, पण आत्तींचं हळू पलीकडच्या घरातही ऐकू येतं. दाजींचा दोघांच्या भागीतला छोटा ओतकारखाना होता. ते म्हणाले, "पंपाचं काम आलं तर थांब की. पंप आतनं पोकळ असतोय. पोकळ ओतायचं म्हंजे आत वाळूचा गाभा लागतोय. गाभ्याच्या कामाला बायकाच लागत्यात. पावणी बी बसंल त्यात." आत्ती म्हणाल्या, "आलं तर बगू." म्हणजे पंपाचं काम आलं तर मी राहणार आणि नाही आलं तर जाणार. पंप म्हणजे काय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट विचारून घेतलं.

ते काम दोन गोऱ्या माणसांच्या हातात होतं. एक इटलीचा, त्याला सगळे जानीसाहेब म्हणत. दुसरा फ्रान्सचा, मिशेलसाहेब. दोघे पंपांच्या धंद्यात भागीदार. आदल्या वर्षी जानीसाहेब दिवाळीत येऊन गेले आणि दाजींना त्यांच्या मुलखातल्या लाल वाइनची एक बाटली देऊन गेले. संक्रांतीला मिशेलसाहेब आले, त्यांना ते कळलं, त्यांनी त्यांच्या मुलखातली एक दिली. दाजींनी दोन्ही बाटल्या साच्यांच्या खोलीत लाकडाच्या भुश्यात पुरून ठेवल्या आणि विसरून गेले. दाजी तंबाखूचे माणूस. आता एका शनिवारी साहेबांच्या पुण्याच्या एजंटाचा फोन आला की दोघे साहेब बुधवारी एकत्र येतायत, कारखाना बघतील, जेवायला तुमच्या घरी येतील, आणि हो, दोन्हींतली कुठली बाटली सरस हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. दोघांची पैज लागली आहे. हरेल त्यानं वर्षभर दुसऱ्याच्या गावची वाइन प्यायची.

दाजी घरी आले ते घामानं थबथबलेले. कारखान्यात बाटली उघडली असती तर वासावर सगळी पाळी गोळा झाली असती, म्हणून घरी आणणं भाग होतं. रविवारी सकाळी ते देव्हाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"आये, दोन बाटल्या घरात आणायच्या हायत."

"कसल्या?"

"द्राक्षाच्या."

"दारू म्हण की. लाजतोयस कशापाय? पर बाटली न्हाई हां ठेवायची घरात. बाटली बगितली की गल्ली इचारती. तांब्यात काय हाय, कोण इचारत न्हाई."

हा त्या घराचा न्याय होता आणि त्यात खोट काढायची कुणाची छाती नव्हती. बाटल्या आल्या. बूच काढायचं हत्यार कुणाकडेच नव्हतं. दाजींनी पहिल्या बुचात लाकडाचा स्क्रू फिरवला, स्क्रूचं डोकं घरी ठेवलेल्या व्हाइसच्या जबड्यात आवळलं आणि बाटली दोन्ही हातांनी ओढली. बूच आलं, दाजी मागे भिंतीवर गेले. ती इटलीची, बारोलो नावाची. दुसरीचं बूच मोडून आत पडलं, म्हणून ती चहाच्या गाळणीतून गाळली. ती फ्रान्सची, बोर्दो. बारोलो गेली ताईच्या स्टीलच्या कडीच्या डब्यात. बोर्दोसाठी आत्तींनी फळीवरचा पितळी तांब्या काढला, चिंच लावून लखलखीत घासला आणि वर ताटली झाकली. मग दोन्ही रिकाम्या बाटल्या दाजींनी धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून कारखान्याच्या भंगारात नेऊन टाकल्या.

आता चाखायचं कुणी? दाजींनी घोट घेऊन सांगितलं, "दोन्ही आंबाट," आणि पुढे त्यांना काही सांगता येईना. ताई अंगावर पाजत होती. आत्ती घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे वळल्या. "पावणी चाखंल. तिच्या गावाकडं फुलाची काढत्यात की."

आमच्याकडे मोहाची काढतात हे खरं. आजी काढायची, बोटाला लावून आम्हालाही चाखवायची. पण ही गोष्ट मी कोल्हापुरात दातांमागे ठेवली होती. दारू गाळणाऱ्यांची पोर म्हणून नाव पडलं तर मिरगाचीही वाट बघायला नको. ताईनंच कधी तरी सांगितलं असणार. मी आत्तींच्या तोंडाकडे पाहिलं. त्या कणीक मळत होत्या. त्यांच्या लेखी ती एक माहिती होती, हिला पोहता येतं म्हणतात तशी.

आधी मी बारोलो घेतली, वाटीत. रंग बघूनच वाटलं, ह्यात काही दम नाही. आमसुलाच्या पाण्यासारखा फिका, कडेला विटकरी. वास मात्र दोन तोंडांचा होता. एक देव्हाऱ्यात दोन दिवस राहिलेल्या गुलाबाचा, आणि त्याच्या खालून रस्त्यावर डांबर ओतताना येतो तसा. घोट घेतला. पहिल्यांदा आंबटपणा आला, तोंडाला पाणी सुटलं, आणि ते सुटलेलं पाणी पुढच्या क्षणी कुणी तरी फडक्यानं पुसून घ्यावं तसं झालं. हिरडा चघळल्यासारखी हिरडी आवळली. जीभ टाळ्याला चिकटली. गिळली तरी ती गेली नाही. मी वाटी खाली ठेवली, पोराचा लंगोट बदलला, तरी ती तोंडात आपल्या जागी बसलेलीच.

मग बोर्दो. ही दाट, जांभळाच्या रसासारखी काळपट. वासही आधी जांभळाचाच, आणि त्याच्यामागे दाजींच्या खोलीचा, रंधा मारलेल्या लाकडाचा, टोक काढलेल्या पेन्सिलीचा. तोंडात आली ती आवाज न करता आली. आंबटपणा होता, पण बेतानं. तुरटपणाही होता, पण शाळेतली मुलं रांगेत बसावीत तसा ओळीत बसलेला. जिभेच्या मध्यावर भरून राहायची आणि मग वेळ झाली की उठून जायची. मला तीच आवडली. दारातून वाकून आत यावं, दाखवलेल्या जागी बसावं, कमी खावं, वेळेत निघावं, अशी ती वागत होती. चांगल्या पाहुण्यासारखी. बारोलो म्हणजे ते घरच होतं. आधी अंगावर ओरडायची, आणि का ओरडली हे आपल्याला मागाहून कळणार.

आता भाचा पुण्याहून येतो तेव्हा एखादी बाटली आणतो. हाच तो रांगणारा. त्याच्या ग्लासात माझ्या घरातला अर्धा तांब्या मावेल. तो मला सांगतो, मावशी, ह्या तुरटपणाला टॅनिन म्हणायचं, आणि आंबट, तुरट, दाटपणा हे सगळं मिळून जे उभं राहतं त्याला स्ट्रक्चर. मी मान हलवते. पुढे आयुष्यभर मी वाळूचे गाभे बनवले. गाभा साच्यात बसवतात, भोवती लोखंड ओततात, आणि लोखंड थंड झालं की गाभा फोडून वाळू झटकून टाकतात. माल घेणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. पण पंप पंप होतो तो गाभ्यानं सोडलेल्या पोकळीमुळे. त्या फिक्या बारोलोचं तसं होतं. चव निघून गेल्यावर तिचा आकार तोंडात राहायचा. बोर्दोत तो आकारही होता, पण त्यावर मांस चांगलं चढवलेलं होतं, म्हणून बोटाला लगेच लागत नव्हता. हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. तेव्हा मी फक्त 'ही बरी आहे' म्हणाले आणि आत्ती म्हणाल्या, "इसरशील. बुधवारपतोर रोज चाख."

सोमवारी चाखली. डब्यातली बारोलो बदलली होती. आवळणं तेच, पण आता त्या घराच्या भिंतीला टेकून बसता येत होतं. गुलाब वर आला होता, डांबर मागे गेलं होतं, आणि मध्येच वाळलेल्या चेरीसारखं, खरं म्हणजे वाळलेल्या बोरासारखं काही तरी गोडसर लागून गेलं. चेरी तेव्हा मी पाहिली नव्हती. बोर्दो मात्र बोथट वाटली. वाटलं, माझीच जीभ. मंगळवारी बारोलो इतकी मवाळ लागली की मी दुसरा घोट घेतला. आणि तांब्यातला घोट घेतला तेव्हा नाणं तोंडात धरल्यासारखं झालं. जांभूळ नाही, लाकूड नाही. कडवट, आणि जिभेच्या कडांना काही तरी झोंबणारं. अर्धा दिवस पोटात ढवळत होतं.

मी तांब्या खिडकीशी नेला. आत पाहिलं. आत कल्हई नव्हतीच. तांब्या पाण्यापुरता ठेवलेला, त्याला कल्हई लागतच नव्हती. जिथवर बोर्दो होती तिथे कडेला हिरवट रेघ उमटली होती. ताक पितळेत राहिलं की कळकतं, आमटी कळकते, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि आत्ती म्हणजे तर त्या बाबतीत गल्लीचं कोर्ट होत्या. ज्या घरात भांड्यांना कल्हई नाही त्या घरी त्या पाणीही घ्यायच्या नाहीत. कल्हईवाला त्यांच्या दारात शिरताना घसा खाकरून घ्यायचा. त्याच आत्तींनी आंबट जिन्नस बिनकल्हईच्या पितळेत तीन दिवस ठेवला होता. दाजी आंबट म्हणालेले त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. दाजींना खीरही आंबट लागायची. द्राक्षाचं म्हणजे गोडच, एवढं त्यांनी गृहीत धरलं होतं.

मी ताईला कोपऱ्यात गाठलं. "ताई, तांब्यातली कळकली."

ताईनं पोराला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "चूप राय वं. आत्तीले सांगशीन त आजच गाडीत बसवतीन तुले."

"मंग उद्या काय सांगू?"

"दोन्ही चांगल्या म्हणजो."

रात्रभर मी ते वाक्य घोकलं. दोन्ही चांगल्या. बोर्दो वाईट म्हटलं तर मिशेलसाहेब रागावणार, पंप जाणार, पंपाबरोबर मी. भांडं वाईट म्हटलं तर आत्तींचं नाव जाणार, आणि मग पंप राहिले तरी मी राहायची नाही. दोन्ही चांगल्या. सातवी शिकलेल्या माणसाला एवढं वाक्य पाठ व्हायला हरकत नव्हती.

बुधवारी दुपारी ते आले. जानीसाहेब बुटके, गोल, हातानं बोलणारे. मिशेलसाहेब उंच, कमी बोलणारे, दाराशी वाकून आत आले. पुण्याचे एजंट मध्ये बसले. दाजी सगळ्यांत शेवटी, पाटाच्या टोकावर, पण निवांत. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. जानीसाहेबांनी तांबडा रस्सा सरबतासारखा तोंडाला लावला आणि नंतर बराच वेळ ते हातानंही बोलले नाहीत. मिशेलसाहेब पांढरा दोनदा मागून घेऊन शांतपणे जेवत होते. दोघांनी येताना पुन्हा त्याच दोन वाइन आणल्या होत्या, बूच काढायच्या हत्यारासकट. ग्लास नव्हते, पेले दिले. मिशेलसाहेबांना बिननावाचा, माझा. जानीसाहेबांच्या वाट्याला आत्तींच्या मालकांचा आला. त्यावर काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. एजंट म्हणाले, घरच्या मालकांचं नाव आहे, आता ते नाहीत. जानीसाहेबांनी पेला भिंतीवरच्या फोटोकडे उंचावला आणि मग प्यायले. आत्तींनी स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं आणि त्यांना आणखी एक भाकरी टाकली.

मग तो प्रश्न आला. दाजींनी छातीवर हात ठेवला. "बोथ गुड."

जानीसाहेबांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, एक सांगा. दाजी पुन्हा म्हणाले, "बोथ व्हेरी गुड." आणि तेवढ्यात आतून, भाकरीच्या थापण्यावरून, आत्तींचा आवाज आला. "त्याला काय इचारताय, तंबाखूनं जीभ मेलीया त्याची. पावणीला इचारा की! तिनं तीन दिस चाखलीया!"

एजंटांनी ते इंग्रजीत सांगितलं. दोन्ही साहेबांनी घास थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करून दारात उभी राहिले. तोंड उघडलं आणि आधी बारोलोचं सांगून टाकलं. फिकी दिसते पण फिकी नाही. गुलाब, डांबर, हिरडा. पहिल्या दिवशी भांडते, तिसऱ्या दिवशी बोलते. मी इतकं बोलले आणि एजंटांनी त्याचे इंग्रजीत तीन शब्द केले. तरी जानीसाहेबांनी मांडीवर थाप मारली.

"आणि ही?" मिशेलसाहेबांनी आपला पेला किंचित वर केला.

"पहिल्या दिवशी फार चांगली होती. जांभळासारखी. आत लाकडाचा वास."

"मग?"

आता 'दोन्ही चांगल्या' म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण मिशेलसाहेब माझ्याकडे बघत होते, हातात माझा पेला होता, आणि त्यातल्या ताज्या बोर्दोचा वास दारापर्यंत येत होता. ती किती नीट बसली होती त्यात. न केलेल्या गुन्ह्यासाठी तिला वाईट म्हणायचं, किंवा तांब्यातलं ते जहर चांगलं म्हणायचं, दोन्ही मला होईना.

"दारू चांगली आहे," मी म्हणाले. "भांडं चुकलं."

आतलं भाकरी थापणं थांबलं.

त्या घरात मी इतके महिने होते, पण थापता थापता मधेच थांबलेली भाकरी मी कधी ऐकली नव्हती. आत्ती बाहेर आल्या त्या पिठाच्या हातांनी तांब्या घेऊनच. उजेडात धरून आत पाहिलं. हिरवी रेघ पाहिली. नाकाशी नेला.

"आंबाट व्हय रं ही?"

"मग मी काय सांगिटलं?" दाजी म्हणाले.

"तुला खीर बी आंबाट लागती! ग्वाड का आंबाट, नीट सांगाय काय जीभ गहाण पडलीया? माझ्या तांब्याची इज्जत घालवलीस!"

"तांब्या तू काढलास की!"

"आन बाटली कोण आणली?"

आवाज चढले. जानीसाहेब घाबरून एजंटांकडे बघू लागले. एजंट घाबरून माझ्याकडे. मी म्हणाले, "भांडण नाही. इथे असंच बोलतात." आणि हे सांगताना माझ्या लक्षात आलं की मी ते घरच्या माणसासारखं सांगितलं, आणि मी आणखी घाबरले. मिशेलसाहेबांनी हात पुढे केला. आत्तींनी तांब्या दिला. त्यांनी आत पाहिलं, बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा अगदी गंभीर चेहऱ्यानं काही तरी बोलले. एजंट म्हणाले, "ते म्हणतायत की पाण्याच्या पंपाला हे पितळ चालेल. ह्याला चालणार नाही."

मग त्यांनी ताजी बोर्दो वाटीत ओतून माझ्यापुढे केली. मी चाखली. म्हणाले, "हीच. रविवारची." तरी जानीसाहेबांना निकाल हवाच होता. शेवटी जे सुचलं ते सांगितलं, की एका जेवणासाठी पाहुणी आणायची तर ही आणावी, आणि चार दिवस घरात ठेवायची तर ती बारोलो. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं आणि गाडीत बसेपर्यंत ते त्यावर वाद घालत होते.

पंपाचं काम आलं. माझ्या जिभेमुळे आलं, असं मी कित्येक वर्षं मनातल्या मनात धरून होते. मग एकदा दाजींनी सहज सांगितलं की ते सकाळीच कारखान्यात ठरलं होतं, ओतकामाचे नमुने फोडून बघितल्यावर. एजंटांनी जेवण होईपर्यंत बोलू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून दाजी गप्प होते. ते मटण त्यांनी एवढ्या शांतपणे कसं खाल्लं हे मला तेव्हा कळलं.

पण माझं काही सकाळी ठरलं नव्हतं. एजंट निघताना म्हणाले होते की गाभ्याच्या कामाला शिकलेल्या बायका घ्या, नवख्या नकोत. आणि आत्ती त्या दुपारपासून माझ्याशी बोलल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. त्या घरात ओरडणं बंद होणं म्हणजे काय, हे आता मला समजत होतं. दोन दिवस मी भांडी घासली, पोर सांभाळलं, जेवताना कमी घेतलं, आणि ताटात कुणी पुन्हा वाढलं नाही. ताईनं न बोलता माझी दोन लुगडी घडी करून ट्रंकेवर ठेवली. फळीवरचा तांब्याही दिसेनासा झाला. मी विचारलं नाही. त्याच्या जागी फळीवर एक गोल डाग राहिला होता, धुळीशिवायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्ती बाजारातून आल्या. पिशवीतून कांदे काढले, मिरच्या काढल्या, आणि तांब्या काढून माझ्यापुढे फरशीवर आपटला. आतून पांढरा शुभ्र, नवी कल्हई. मी बाहेरून पाहिला. गळ्याखाली ताजी अक्षरं कोरलेली होती, अजून कडांना खरखरीत. पावणी.

"त्यो नाव घालणारा इचारत हुता, पोरीचं नाव काय," आत्ती कांदे टोपलीत टाकत म्हणाल्या. "मला तुझं ते खरं नाव याद येईना झालं. म्हटलं घाल हेच. समद्यास्नी हेच ठावं हाय." मग ट्रंकेवरची लुगडी त्यांना दिसली. "ही कुणी काढली? ठेव आत. उद्यापास्नं वाळूत बसायचं हाय, जुनेर नेस. तांब्यातलं बिघडलं तर तोंडावर सांगणारी वाळूतलं बी सांगंल. शिकलेल्या बायका गप बसत्यात."

मी मान हलवली. पाणी प्यायला उठले. सवयीनं हात पेल्याकडे गेला.

"त्यो ठेव," आत्ती ओरडल्या. "पावण्यास्नी लागतोय."